जाळीवरचे काळे

अमेरिकेत उन्हाळा केव्हा सुरू होतो हे हवामान खात्याला विचारावे लागत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी 'मेमोरियल डे' असतो. त्याला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी उपनगरांतल्या घरांमागून कोळशाचा वास येऊ लागला, की उन्हाळा आला असे समजावे. मग सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी 'लेबर डे' होईपर्यंत दर सुट्टीला हा धूर ठरलेला. धुराखाली जे असते त्याला तिकडे ग्रिल म्हणतात. आपल्याकडे ग्रिल म्हटले की डोळ्यांसमोर खिडकी येते. पण वस्तू फारशी वेगळी नाही. खिडकीचे गज आडवे ठेवून खाली विस्तव केला, की झाले तिथले ग्रिल.

बार्बेक्यू हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा. काठ्यांचा मांडव म्हणजे 'बार्बाकोआ'. तो स्पॅनिश लोकांनी उचलला आणि मग जगभर फिरवला. १९२० च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने मोटारींच्या लाकूडकामातून उरलेल्या तुकड्यांपासून कोळशाच्या वड्या काढल्या. आज दिसते ते गोल, झाकणाचे ग्रिल मात्र १९५२ सालचे. शिकागोजवळ वेबर ब्रदर्स या पत्राकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ होते. तिथे पाण्यावर तरंगणारे मोठे बोये बनत. त्यांनी असा एक गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला तीन पाय लावले, वरच्याला मूठ. वारापाऊस आत येईना आणि झाकणाखाली आच कोंडून राहिली. इतकी साधी गोष्ट!

न्यू जर्सीत माझ्या मुलाच्या परसात असलेच एक आहे, आणि त्याच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत या ना त्या प्रकारचे असतेच. पनीर, कणसे, कोंबडी हे तर आहेच. पण खरा उपयोग भरताच्या वांग्याचा. तिथल्या विजेच्या शेगडीवर वांगे भाजत नाही, आणि घरात भाजलेच तर छताला लावलेली धुराची घंटा सगळी आळी गोळा करते. म्हणून वांगी परसात जातात.

आता या सोहळ्यातला एक भाग फोटोत कधी येत नाही. स्वयंपाकघरात ज्याने जन्मात कालथा उचलला नाही, तो गृहस्थ परसात एप्रन बांधून चिमटा परजतो. कौतुक आहेच, आणि असावेही. पण पंगत उठली की जाळी तशीच, वर झाकण. पुढच्या रविवारी मागच्या चरबीवर नवी चरबी. माझी बत्तीस वर्षे बँकेत गेली; जुने कर्ज वसूल न करता त्यावरच नवे कर्ज देऊन खाते सुरळीत दाखवण्याचा हा प्रकार मला चांगला ओळखीचा आहे. झाकणाखाली थकबाकी वाढतच असते.

बरे, साफ करायला बसले तरी काय काढायचे आणि काय ठेवायचे, इथे गोंधळ होतो. ज्या घरात बिडाचा तवा आहे तिथे हे सांगावे लागत नाही. आपल्या आजीने तो तवा कधी चकचकीत घासला नाही. नव्या सुनेने हौसेने घासला तर तिने चार शब्द ऐकले. कारण तव्याचे काळे दोन प्रकारचे असते. तेलाचा पातळ हात गरम लोखंडावर बसला, की त्याचा कडक, गुळगुळीत थर होतो. तो लोखंडाला गंजू देत नाही आणि पदार्थाला चिकटू देत नाही. हे ठेवायचे काळे. दुसरे म्हणजे जळलेल्या अन्नाची, चरबीची खरबरीत खपली. ती ओल धरते, वास धरते, पुढच्या पदार्थाला कडवटपणा आणते. हे काढायचे. ग्रिलच्या बिडाच्या जाळीला हाच नियम आहे. झाकणाच्या आतून रंगाचे पोपडे लोंबावेत तसे काळे पापुद्रे दिसतात, ते रंगाचे नव्हेत. धूर आणि चरबी थरावर थर बसून वाळलेली असते. हाताने किंवा कागदाने पुसले तरी निघतात. नाही पुसले, तर कणसावर पडतात.

रीत सोपी आहे, फक्त वेळ साधायला हवी. जाळी गार असताना घासणे म्हणजे हाताचे हाल. झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे नुसती तापू द्यायची. चिकटलेले जळून भुसभुशीत होते आणि मग खरवडले की सुटते. त्यानंतर अर्धा कांदा काट्याला टोचायचा, तेलात बुडवायचा आणि गजांवरून फिरवायचा. अमेरिकन शेजाऱ्यांना हे करताना पाहिले तेव्हा मला हसू आले. कोकणात घावन घालण्याआधी तव्यावर कांदा फिरतो तो असाच. कोणी कोणाकडून घेतले हा प्रश्नच नाही. तापल्या लोखंडाने दोघांनाही तेच शिकवले असणार.

पण खरवडायचे कशाने? इथे मी जरा सविस्तर सांगतो, कारण प्रश्न ताटातला आहे. तिथल्या दुकानांत तारांचे ब्रश सर्रास मिळतात. वापरून जुना झाला की त्याची एखादी तार सुटते, गजाला चिकटून राहते आणि तिथून मांसात किंवा पनीरच्या तुकड्यात जाते. केसासारखी बारीक असल्याने ती दिसत नाही. ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात डॉक्टरांना असे रुग्ण एकामागून एक सापडले. मार्च २०११ ते जून २०१२ या काळातल्या सहा जणांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. कोणाच्या घशात तार रुतली होती, कोणाच्या आतड्याला भोक पडले होते. पुढे २०१६ साली मिसुरी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अंदाज मांडला, की २००२ ते २०१४ या वर्षांत अमेरिकेत सोळाशेहून अधिक माणसे या तारांमुळे तातडीच्या दवाखान्यात पोचली. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा लहान आहे, हे खरे. पण तार ज्याच्या घशात आहे त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग?

माझी नात आजोबांच्या ताटातले कणीस पळवते, म्हणून मुलाकडचा तारांचा ब्रश मी कचऱ्याच्या डब्यात पोचवला. "बाबा, नवा होता हो तो!" असे ऐकूनही घेतले. त्याजागी लाकडी उलथने आले. काही दिवसांत गजांच्या खाचा त्याच्या कडेला आपोआप पडतात आणि ते जाळीला बरोबर बसते. ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा चिमट्यात धरला तरी काम भागते. ब्रशच वापरायचा असेल तर नंतर ओल्या फडक्याने जाळी पुसून गजन्‌गज डोळ्यांखालून घालावा. आणि खाल्ल्यानंतर गिळताना टोचू लागले किंवा पोटात तीव्र कळ आली, तर डॉक्टरांना ब्रशचे आवर्जून सांगावे. त्यांना सुचेलच असे नाही.

जाळीच्या खाली चरबी गोळा होण्याचा ट्रे असतो. तिथले आगीचे बरेचसे अपघात त्यातून होतात. शेजारचे आजोबा तरुणपणी गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलात होते. ते म्हणतात, जुलै महिन्यात फोन वाजला की आम्ही ग्रिलच समजायचो. चरबीने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही. कढईतल्या पेटत्या तेलावर ओतत नाहीत तसेच. गॅस बंद, झाकण बंद. आणि पाऊस आला म्हणून पेटते कोळसे गॅरेजमध्ये आणणे तर अजिबात नको; बंद खोलीतल्या शेगडीने हिवाळ्यात आपल्याकडे माणसे दगावतात, तोच वायू तिथेही असतो.

राखेबद्दल आपल्याला प्रेम आहे. राखेत क्षार असतात, ते तेलकटपणा कापतात. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने निघाली. पण तीच राख ग्रिलच्या तळाशी राहिली तर हवेतली ओल शोषते आणि तो खारट चिखल पत्रा खातो. म्हणून राख काढायचीच, फक्त घाईने नाही. वरून गार दिसली तरी आत निखारा दोन दोन दिवस टिकतो. प्लॅस्टिकच्या डब्यात तर ती टाकूच नये. झाकणाचा लोखंडी डबा हवा. गोल ग्रिलला आतून-बाहेरून मुलाम्याचा काचेरी थर असतो, तो लोखंडी खुरपणीने उडाला की त्या जागी गंज सुरू होतो.

गॅसवर चालणारे असेल तर राख नाही, पण कोळी आहेत. थंडीत ग्रिल पांघरूण घालून ठेवतात, आणि बर्नरच्या नळीत कोळी शिरून जाळे विणतात. गॅसला पुढे वाट मिळत नाही, मग ज्योत मागे, बटणापाशी पेट घेते. हंगामाच्या सुरुवातीला नळ्या काढून बारीक ब्रश आतून फिरवायचा. रबरी नळीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचे, आपल्याकडे सिलिंडर बदलल्यावर पाहतात तसे. मग झाकण उघडे ठेवून पेटवायचे. ज्योत निळी दिसली तर वांगी आणायला हरकत नाही. पिवळी, लवलवती दिसली तर गॅस बंद करून नळी पुन्हा काढायची.