दहा अवतारांचा डाव

दिवसा डाव मांडला तर पहिली उतारी रामाचा राजा ज्याच्या हाती आला त्याची. दिवेलागणीनंतर मांडला, तर तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. रामाचा जन्म भर दुपारचा आणि कृष्णाचा मध्यरात्रीचा, हे लहानपणापासून कीर्तनात ऐकलेल्या माणसाला हा नियम पाठ करावा लागत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांच्या पत्त्यांच्या खेळात, गोष्ट अशी थेट नियमातच उतरलेली आहे.

पानं गोल, तळहातात मावतील एवढी. रंग दहा आणि प्रत्येक रंगाची पानं बारा, म्हणजे एकूण १२०. मत्स्याचा रंग माशांचा, कूर्माचा कासवांचा, वामनाचा कमंडलूंचा, परशुरामाचा परशूंचा. एक ते दहा ही साधी पानं. त्यांच्यावर प्रधान आणि सर्वांत वर राजा, म्हणजे प्रत्यक्ष अवतार. राणी नाही, गुलाम नाही. खेळायला तिघं बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पानं येतात. खरी गंमत पुढे आहे. पाच रंगांत राजा-प्रधानांखाली दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. त्यात तुरुपाचा रंग नाही. कुठल्या रंगातलं कुठलं पान पडून गेलं, आता त्या रंगात मोठं कोणतं उरलं, हे सतत डोक्यात ठेवावं लागतं. नशीब फक्त वाटपापुरतं. नंतर सगळी भिस्त स्मरणशक्तीवर.

गंजिफा मुळात दरबारी खेळ. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या काळच्या बारा रंगांचं वर्णन केलं आहे. पुढे मोगली पद्धतीत आठ रंग आणि ९६ पानं रूढ झाली. दख्खनेत आणि कोकणात या सांगाड्यावर विष्णूचे अवतार येऊन बसले. कुणा एका माणसाचं नाव या रचनेवर नाही, पण खेळ रचणाऱ्याची दृष्टी इथे स्वच्छ दिसते: आधीचा हिशेब तसाच ठेवायचा आणि त्यात आपल्या लोकांच्या ओळखीची पात्रं घालायची.

पानं रंगवणारे सावंतवाडीतले चितारी. जुन्या पद्धतीत सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, वाळला की दगडाने घोटून गुळगुळीत करायचा आणि मग गोल कापायचे. समोर चित्र, पाठीवर लाखेचा लेप. पाठ सगळ्या पानांची तंतोतंत सारखी हवी, नाहीतर पान पाठीवरूनच ओळखू येतं आणि डाव नासतो. राजेरजवाड्यांसाठी बारीक कामाची ‘दरबार कलम’, साध्या गिऱ्हाइकासाठी चार फटकाऱ्यांची ‘बाजार कलम’. ही दुसरी कलम फार महत्त्वाची. तिच्यामुळे गंजिफा वाड्याबाहेर पडून ओसरीवर आला.

मग विलायतेहून यंत्रावर छापलेली बावन्न पानं स्वस्तात येऊ लागली. १२० पानं हाताने रंगवणारा माणूस त्यांच्यापुढे टिकणं शक्य नव्हतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कला जाणणारे वृद्ध पुंडलिक चितारी सावंतवाडीत होते. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले. ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ हे त्या कामाचं नाव. खेळ घडवून आपल्याच घरातून विकणारी ही महाराष्ट्रातली एक विलक्षण प्रकाशनसंस्थाच म्हणायला हवी.

त्याच सुमारास अमेरिकेत लेक जिनिव्हा या लहान गावात दुसरा घरगुती उद्योग उभा राहत होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पहिली आवृत्ती १९७४ साली निघाली: हजार प्रती, एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर. त्यासाठी गायगॅक्सने मित्राला घेऊन कंपनी काढली होती आणि खोकी हातानेच भरली जात होती. या खेळात एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन बोलतात, आणि अडलेल्या जागी फासे निकाल देतात. सावंतवाडी ज्या जिल्ह्यात आहे त्या सिंधुदुर्गातल्या माणसाला यात नवल वाटू नये. तिथल्या दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण राजा आणि कोण राक्षस ते ठरतं. संवाद मात्र नट उभ्याउभ्या रचतात आणि समोरच्याने टाकलेला शब्द झेलत रात्र काढतात. भूमिका घेऊन खेळण्याची ही विद्या आणि अवतारांची पानं एकाच मुलखात नांदत आली, पण दोन्ही एका खोक्यात कुणी आणली नाहीत.

गंजिफा आज खेळला कमी आणि जपून ठेवला जास्त जातो; ही अडचण वारली चित्रांच्या मुलखातल्या डहाणूकरांना लवकर उमगेल. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) याच सत्तरच्या दशकात भिंतीवरची वारली चित्रं कागदावर आणून जगापुढे गेले; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवरचा लग्नचौक मात्र त्याआधीपासून सवाशिणींच्या हातचा. तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या चौकात पालघट देवी बसते, आणि पाड्यावरच्या लग्नात त्याचं काम अजून आहे. म्हणून डहाणूत चित्र विकलंही जातं आणि वापरलंही जातं. गंजिफाची वापरण्याची बाजू लंगडी पडली. संच भेट म्हणून दिला जातो, चौकटीत बसवून भिंतीवर टांगला जातो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८२ मध्ये भारतीय गंजिफांचं प्रदर्शन भरवलं. सावंतवाडीच्या गंजिफाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, वारली चित्रांना ते २०१४ मध्येच मिळालं होतं. टांगलेल्या पानाला मात्र उतारी करता येत नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ पसरला तो पुस्तिकांमुळे. नियम वाचून लोक खेळले, मग त्यांत भर घालून स्वतःचे खेळ छापू लागले. गंजिफाला हीच गोष्ट हवी आहे. दरबार कलमेचा संच महाग राहणारच, आणि राहावा. कारागिराच्या हाताचं ते मोल आहे. त्याच्या शेजारी आजची बाजार कलम हवी: छापलेली १२० गोल पानं, शाळकरी पोराला परवडेल अशी किंमत, सोबत मराठीत नियमांची पुस्तिका आणि पानापानाने सोडवून दाखवलेले दोन-तीन डाव. छपाईचा परवाना सावंतवाडीकडेच असावा, म्हणजे प्रत्येक खोक्यामागे चार पैसे रंगवणाऱ्याकडे जातील.