तिजोरीला कुलूप, पण संगणकाला?

पुण्यात बहुतेक घरांत एखाद्या सहकारी बँकेचं पासबुक असतंच. घरखर्चातून मागे टाकलेले चार पैसे असोत की मुलीच्या शिक्षणाची ठेव, सारं आपण विश्वासाने तिथे ठेवतो. म्हणूनच कॉसमॉस बँकेवरचा संगणकी दरोडा आपण गृहिणींनीही समजून घ्यायला हवा.

ही बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या आणि भारतातल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये काढले गेले. सोमवारी आणखी जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी!

हे झालं कसं? दारावर कुणी आलं, की आपण मुलाला म्हणतो, "आत जाऊन आजीला विचार, ओळखीचे आहेत का." एटीएमसुद्धा असंच बँकेच्या संगणकाला विचारतं. चोरांनी मधला निरोप्याच बदलला. तो आत न जाताच 'हो, द्या' म्हणत राहिला. खातेदारांचे पैसे सुरक्षित आहेत, असं बँकेने सांगितलं. पण तोटा तर झालाच. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं.

अशा चोरीपुढे दारावरचा बंदूकवाला काय करणार? तिथे अनुभवी सुरक्षा अभियंताच हवा. कुठली किल्ली कुणाकडे ते ठरवणं, सुटीच्या दिवशीही व्यवहारांवर नजर ठेवणं, चोराच्या आधी आपणच भिंतीतली फट शोधणं, हे त्याचं किंवा तिचं काम. पगार मोठा वाटतो खरा, पण ९४ कोटींपुढे तो किती? आणि माणूस नुसता नेमून भागत नाही. 'हे थांबवा' म्हणायचा अधिकारही त्याला द्यावा लागतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेचे मूलभूत नियम घालून दिले.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी अशा बँकांच्या सभासद आहेत. वार्षिक सभेत लाभांशाबरोबर एवढंही विचारा: संगणक-सुरक्षेची जबाबदारी नेमकी कुणावर? बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी केव्हा झाली? रविवारी रात्री धोक्याची घंटा वाजली तर उचलणारं कोण?

भाजीवाल्याशी रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, इथे गप्प का बसायचं?