गिरणगावाला जेवू घालणाऱ्या बायका

लालबाग-परळ म्हटलं की गिरण्या, संप, गणपती आठवतात. मला आज बोलायचंय ते खानावळवाल्या बायकांबद्दल.

गिरणीतले कित्येक कामगार बायकामुलांना कोकणात, घाटावर ठेवून मुंबईत यायचे. एकाच गावचे लोक चाळीतली एक खोली वाटून घ्यायचे. रातपाळीवाला परतला की दिवसपाळीवाला उठायचा, पथारी तीच. तिथे चूल कुठे मांडणार? मग शेजारपाजारची एखादी बाई आपल्याच घरात दोन वेळचं रांधून वाढायची. हीच खानावळ. पाटी नाही, टेबल नाही.

आता हिशोब बघा. जेवण आज, पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर वाण्याचं, भाजीचं कसं भागवायचं? सावकाराकडून, व्याजाने. बँक दारात उभं करायची नाही, कारण तारण ठेवायला काहीच नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायका एकमेकींना हमी राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबला, तशी खानावळीची उधारीही थकली. कित्येकजण गावी गेले ते परतलेच नाहीत. पण या बायका कुठल्याच गिरणीच्या मस्टरवर नव्हत्या. त्यांचं नुकसान मोजणार कोण?

लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये पूर्वी गिरणीच होती. तिथे जेवायला बसलात, तर या बायकांची आठवण जरूर काढा.