विश्लेषण : ग्रंथ एक, वर्षे अनेक! बीडच्या पोथ्या आणि हिब्रू बायबल यांचे कोडे एकच कसे?

मराठीतला पहिला ग्रंथ कधी लिहिला गेला? अंबाजोगाईत हा प्रश्न विचारला तर उत्तर मिळते : शके १११०, म्हणजे इ.स. ११८८. आद्यकवी मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा तो ग्रंथ. शहराजवळच्या डोंगरदरीत त्यांची समाधी आहे. मात्र हे वर्ष सर्व अभ्यासकांना मान्य नाही. वाद मुकुंदराजांच्या थोरवीचा नाही. वर्ष ज्या प्रतींवरून काढले, त्या प्रतींचा आहे. नेमका असाच पेच हिब्रू धर्मग्रंथांच्या कालगणनेत दोन हजार वर्षांपासून आहे. तिथे तर जगाच्या जन्माचे सालच प्रतीप्रमाणे बदलते.

'विवेकसिंधु'च्या वर्षाचा वाद काय?

शके १११० हे वर्ष ग्रंथातल्या एका ओवीवरून घेतले जाते. ती ओवी मुकुंदराजांचीच की नंतर कोणी घातलेली, यावर मतभेद आहेत. दुसरी अडचण भाषेची. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची. 'विवेकसिंधु' तिच्याआधी १०२ वर्षांचा असेल तर त्याची मराठी अधिक जुनी दिसायला हवी. पण उपलब्ध प्रतींतली भाषा त्या मानाने नवी वाटते.

याची दोन उत्तरे संभवतात. एक तर ग्रंथच नंतरचा आहे. किंवा ग्रंथ जुना आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या नकला करणाऱ्यांनी अवघड शब्द काढून आपल्या काळचे शब्द घातले. स्थळाबाबतही असेच आहे. ग्रंथातली अंबानगरी म्हणजे अंबाजोगाई, असे मराठवाड्याची परंपरा सांगते. काही अभ्यासक वैनगंगेच्या काठावरच्या आंभोऱ्याकडे बोट दाखवतात.

नक्कल करताना मजकूर बदलतो कसा?

छापखाना येण्यापूर्वी प्रत्येक पोथी हाताने उतरवली जाई. लिहिणाऱ्याची नजर चुकली की ओळ गळे. समासात लिहिलेली टीप पुढच्या प्रतीत मूळ मजकुरात शिरे. कोणी भक्तिभावाने स्वतःची ओवी जोडे. अशा फरकांना 'पाठभेद' म्हणतात, आणि मागाहून घातलेल्या मजकुराला 'प्रक्षिप्त'.

हा धोका संत एकनाथांनी ओळखला होता. 'ज्ञानेश्वरी' लिहून जवळपास तीनशे वर्षे झाली होती आणि प्रतींमध्ये फरक पडले होते. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ला, त्या ताडून शुद्ध प्रत तयार केली. यापुढे कोणी आपली ओवी यात घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, असा इशाराही त्यांनी दिला.

जुने वर्ष बरोबर की चूक, हे तपासता येते का?

काही वेळा येते. एकनाथांनी शुद्धीकरणाचे वर्ष सांगताना शकासोबत 'तारण' हे संवत्सराचे नावही दिले आहे. आपल्याकडच्या पद्धतीत शकात १२ मिळवून ६०ने भागले की उरलेली बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८. ६०ने भागल्यावर बाकी १८. साठ संवत्सरांत अठरावे 'तारण'च आहे. आकडा आणि नाव जुळले, म्हणजे हे वर्ष नकलेत बिघडले नसावे, असा विश्वास वाढतो. नुसता आकडा असेल तर अशी उलटतपासणी करता येत नाही.

हिब्रू ग्रंथांत नेमके काय घडले?

बायबलच्या जुन्या कराराचा पहिला ग्रंथ 'उत्पत्ती'. त्यात आदामापासून नोहापर्यंतची वंशावळ आहे. कोणाला कितव्या वर्षी पुत्र झाला, हे त्यात आकड्यांत दिले आहे. ते आकडे जोडले की जगाच्या निर्मितीपासून नोहाच्या काळच्या जलप्रलयापर्यंतची वर्षे मिळतात. पण हा ग्रंथ तीन प्राचीन परंपरांतून आपल्यापर्यंत आला आहे आणि तिन्हींची बेरीज वेगळी येते.

• मसोरा परंपरेचा हिब्रू पाठ : १६५६ वर्षे. यहुदी समाजाचा हा अधिकृत पाठ. प्रचलित मराठी बायबलमधले आकडेही याच परंपरेचे.

• शोमरोनी समाजाने जपलेला हिब्रू पाठ : १३०७ वर्षे.

• सेप्टुअजिंट हे प्राचीन ग्रीक भाषांतर : २२४२ वर्षे, काही प्रतींत २२६२.

सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या बेरजेत नऊशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

ही केवळ नजरचूक असू शकते का?

सगळीच नाही. आदामाचे उदाहरण पाहा. हिब्रू पाठांत त्याला १३०व्या वर्षी शेथ हा पुत्र झाला आणि त्यानंतर तो ८०० वर्षे जगला. ग्रीक पाठात हेच आकडे २३० आणि ७०० आहेत. एकूण आयुष्य दोन्हीकडे ९३० वर्षेच. म्हणजे एका खात्यातली १०० वर्षे दुसऱ्या खात्यात गेली. हे पुढच्या अनेक नावांबाबत घडते. नजरचुकीत अशी शिस्त नसते. कोणीतरी हिशेब करून आकडे हलवल्याचे हे लक्षण आहे. कोणत्या बाजूने हलवले, यावर मात्र वाद आहे.

हलवलेल्या हिशेबात कधी गफलतही राहते. ग्रीक परंपरेच्या काही प्रतींप्रमाणे बेरीज केली तर नोहाचे आजोबा मथुशलह प्रलयानंतरही १४ वर्षे जिवंत राहतात. पण नौकेवर ते नव्हतेच! मसोरा पाठात त्यांचा मृत्यू बरोबर प्रलयाच्या वर्षी येतो. शोमरोनी पाठात तर यारेद, मथुशलह आणि लामेख या तिघांचाही मृत्यू त्याच वर्षी पडतो.

मग ग्रीक भाषांतर चुकीचे म्हणून सोडून द्यायचे का?

तसे करता येत नाही, हे १९४७ नंतर अधिक स्पष्ट झाले. त्या वर्षापासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांमध्ये प्राचीन गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यापूर्वी अभ्यासकांची मुख्य भिस्त मध्ययुगीन हिब्रू प्रतींवर होती. आज जी सर्वांत जुनी संपूर्ण हिब्रू प्रत आहे, ती इ.स. १००८ची. गुहांतल्या गुंडाळ्या तिच्याहून हजार वर्षांनी, काही तर त्याहूनही जुन्या निघाल्या.

त्यातून एक मोठा गैरसमज दूर झाला. मसोरा पाठात गल्याथ या योद्ध्याची उंची सहा हात एक वीत आहे, तर ग्रीक भाषांतरात चार हात एक वीत. भाषांतरकारानेच उंची कमी केली असेल, असे म्हणता आले असते. पण कुमरानच्या एका हिब्रू गुंडाळीतही चार हात एक वीतच आढळले. म्हणजे भाषांतरकारासमोरची हिब्रू प्रतच वेगळी असणार. अनेक पाठ त्या काळी एकाच वेळी चालू होते.

याचा कालगणनेवर काय परिणाम झाला?

ज्याच्या हाती जी प्रत, त्याचे तसे साल. १६५०मध्ये आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी मसोरा पाठाच्या आधारे जगाची निर्मिती इ.स.पूर्व ४००४ची ठरवली. पूर्व रोमन साम्राज्यात ग्रीक पाठाच्या आधारे हेच साल इ.स.पूर्व ५५०९ धरले जाई. यहुदी पंचांग इ.स.पूर्व ३७६१ पासून वर्षे मोजते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे ५७८६वे वर्ष सुरू झाले. मुंबई, पुणे, रायगडमधले मराठी बोलणारे बेने इस्रायली आपले सण याच पंचांगाने पाळतात. श्रद्धेच्या दृष्टीने हे साल पवित्र आहे. विज्ञानानुसार पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. त्यामुळे पाठभेदांच्या अभ्यासातून जगाचे वय कळत नाही. ग्रंथ कसा घडला आणि कोणत्या हातांतून गेला, ते कळते.

बीडला याचे महत्त्व का?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना 'ज्ञानेश्वरी'ची एक जुनी पोथी मिळाली ती बीडच्या पाटांगणात. ती एकनाथांच्या शुद्धीकरणाआधीची आहे, असे त्यांचे मत होते. तिच्या आधारे त्यांनी १९०९ मध्ये 'ज्ञानेश्वरी' छापली. तिच्या जुनेपणावर पुढे बरीच चर्चा झाली. पण आज अभ्यासकांच्या हाती आहे ती छापील संहिता. मूळ पोथीचा कागद, शाई, अक्षराचे वळण पुन्हा तपासण्याची सोय राहिली नाही.

उलट उदाहरण अंबाजोगाईतच आहे. एकनाथांचे समकालीन संतकवी दासोपंत (१५५१-१६१५) यांची 'पासोडी' हे सुमारे ४० फूट लांबीचे कापड असून त्यावर अध्यात्माचा विषय लिहून व चितारून ठेवलेला आहे. ते तिथे आजही जपलेले आहे. मूळ वस्तूच समोर असली की नकलांच्या साक्षीवर अवलंबून राहावे लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. प्राचीन साहित्य हा त्या दर्जाचा एक आधार आहे. तेव्हा 'विवेकसिंधु'सारख्या ग्रंथाचा वाद सुटायचा तर आणखी जुनी प्रत मिळणे, हाच खात्रीचा मार्ग. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या 'ज्ञान भारतम' मोहिमेत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण आणि जतन करण्याचे उद्दिष्ट आहे.

घरात जुनी पोथी असेल तर काय करावे?

• पोथी जीर्ण झाली म्हणून नदीत विसर्जित करू नका.

• फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका.

• पाने आहेत त्याच क्रमाने ठेवा. स्वच्छ, कोरड्या सुती कापडात बांधा.

• प्रत्येक पानाचे मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र काढा आणि जवळच्या महाविद्यालयातील मराठी किंवा इतिहास विभागाला दाखवा.

• शेवटचे पान विशेष जपा. नक्कल कोणी, कोणत्या गावी आणि कोणत्या शकात केली, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते. ते पान गेले की पोथी उरते, पण तिचे वर्ष हरवते.