थिबा राजाच्या बागेत

यंदाचा गळीत हंगाम आटोपला, बिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला, आणि आम्ही तीसेक सभासद रत्नागिरीला निघालो. आंबा घाट उतरला, साखरपा, पाली मागे पडले आणि हातखंब्याला वळलो, तशी लाल माती आणि काळा कातळ दिसू लागला. काळ्या रानात उभी हयात काढलेल्या आम्हा मंडळींना प्रश्न पडला, या खडकात बाग होते तरी कशी? एका बागाइतदाराने सांगितले, "सुरुंग लावून खड्डे करायचे, लांबून माती आणून भरायची आणि मग हापूसचे कलम लावायचे." ऊस मोडून सोयाबीन करावे की काय, यावर वर्षभर खल करणारे आम्ही जरा ओशाळलोच!

भाट्याला १९५५ पासून चालू असलेले नारळ संशोधन केंद्र आहे. तिकडे जाण्याआधी थिबा राजवाडा पाहायचे ठरले. टेकडीवर जांभ्या दगडाची, उतरत्या छपरांची भली मोठी वास्तू, अर्धगोल खिडक्यांना रंगीत काचा आणि भोवती ऐसपैस आवार. झाडांखाली गार सावली होती. घाटावरच्या उन्हातून आलेली आमची मंडळी आधी तिथेच बसली.

हा राजा रत्नागिरीचा नव्हे, ब्रह्मदेशाचा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला राण्यांसह बोटीत बसवून देशाबाहेर काढले. आधी मद्रास, मग १८८६ साली रत्नागिरी. रेल्वे नाही, आपल्या भाषेचे माणूस नाही, पळून जायला वाट नाही, म्हणूनच ही जागा निवडली असावी. पंचवीसेक वर्षे इतर बंगल्यांत काढल्यावर १९१० च्या अखेरीस राजा या वाड्यात राहायला आला. सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, इथेच वारला. मायदेशाचे तोंड पुन्हा दिसले नाही. थोरली राणी सुपयालत १९१९ मध्ये परत गेली, तीही राजाविना.

काळाचा खेळ पाहा. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात! राजा या वाड्यात आला, त्याच हिवाळ्यात तिकडे 'गीतारहस्य' लिहिले जात होते. त्याआधी दिल्लीचा बहादूरशहा रंगूनला नेला होता, तो १८६२ मध्ये तिकडेच गेला. माणसाला मुळासकट उपटले की तो आपोआप वाळतो, हे इंग्रजांना पक्के ठाऊक होते.

मंडळी आत वस्तू बघत हिंडत असताना आमच्यातले एक तात्या बाहेर झाडाखालीच बसून राहिले. "तात्या, चला की आत," म्हटले तर म्हणाले, "तुम्ही बघून या. मी हितंच बरा हाय."

तात्यांचे गाव चांदोलीच्या धरणात गेले, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊकही नव्हते. वीस-पंचवीस वर्षे शेजारच्या शिवारात ऊस लावणारा माणूस. त्यापलीकडे आम्ही कधी विचारलेच नाही. थोड्या वेळाने तेच बोलले, "राजाला माडी तरी दिली. आम्हाला पत्र्याची शेड आणि खडकाळ जमीन. पण त्याचं गाव अजून हाय, मंडाले म्हनून. जायचं तर कुनीबी जाईल. माझ्या दारातल्या फणसावर आता दहा पुरुष पानी हाय."

कोणालाच काही बोलता येईना. कारण ते पाणी कुठे येते, हे सगळ्यांना माहीत होते. आमच्या मोटारी त्याच वारणेवर बसलेल्या आहेत.

पुढे राजाच्या समाधीवर गेलो. २०१२ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशाचे तेव्हाचे अध्यक्ष इथे येऊन नमस्कार करून गेले. राजाची थोरली मुलगी मात्र रत्नागिरीतच राहिली, तिची लेक इथल्याच मातीत मराठी बोलत वाढली. तात्या समाधीपुढे हात जोडून उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "नातवंडं आपली झाली की गाव आपलं झालं म्हनायचं."

परतताना तात्यांनी एका रोपवाटिकेतून फणसाचे रोप घेतले. मांडीवर धरून घाट चढले. "या वयात फणस कधी खानार तात्या?" असे कोणी तरी विचारले. "मी कशाला खातोय?" एवढेच उत्तर आले.

सभासद बंधू-भगिनींनी थिबा राजवाडा एकदा अवश्य पाहावा. आणि रात्री पाण्याची पाळी आली, सरीला पाणी लागले, की त्या पाण्याखाली कोणाचे तरी अंगण आहे एवढे ध्यानात ठेवावे. आपल्या गटात धरणग्रस्त सभासद असतील, तर त्यांना त्यांच्या गावाचे नाव विचारावे. आम्ही ते फार उशिरा विचारले.