आपल्या वेगाचा चेंडू

विठ्ठलवाडी स्टेशनच्या पूर्वेला, चालत पाच मिनिटांवरच्या एका घरात बुटांच्या खोक्यात गोल्फचे बेचाळीस चेंडू आहेत आणि त्यांतला एकही धड गोल नाही. सगळे हॅक्सॉने मधोमध चिरलेले. कुणाचा गाभा शेंदरी, कुणाचा पोपटी, कुणाचा पेरूच्या गरासारखा गुलाबी. बाहेर पांढरे कवच, आणि काहींत गाभा व कवच यांच्यामध्ये आणखी एक पातळ कडे. घर प्रस्तुत लेखकाचे, खोके त्याच्या वीस वर्षांच्या नादाचे. वाचकांपैकी कुणाला हा नाद लागलाच, तर रबरी धागा गुंडाळलेल्या जुन्या चेंडूंना करवत लावू नये. तो धागा कमालीचा ताणलेला असतो आणि काहींच्या मध्यभागी दाबाखालचा द्रवही असतो.

विठ्ठलवाडीत गोल्फचे मैदान नाही. लोकलने कुर्ल्याला उतरायचे, हार्बरने चेंबूर गाठायचे आणि तिथून रिक्षा. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासून तिथे आहे. क्लब ज्या रस्त्यावर आहे, त्याला डॉ. चोइथराम गिडवाणी यांचे नाव आहे. सिंधमधले हे काँग्रेसचे नेते फाळणीनंतर निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी झटले. आणि विठ्ठलवाडी स्टेशनच्या पश्चिमेला उतरले की लागते ते उल्हासनगर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी उभे केलेले शहर. घरापासून मैदानापर्यंतच्या प्रवासाची दोन्ही टोके अशी एकाच इतिहासाला बांधलेली आहेत, हे ती पाटी वाचताना दर वेळी जाणवते.

मैदानावर नव्या खेळाडूला चेंडू घेताना हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: “स्पीड किती तुमचा?” म्हणजे क्लबचे, चेंडू मारायच्या काठीचे, डोके चेंडूवर आदळते त्या क्षणी त्याचा वेग. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे पुरुष खेळाडू ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, ताशी सुमारे 113 मैलांनी फिरवतात, एलपीजीएच्या स्त्रिया सुमारे 94 मैलांनी आणि हौशी पुरुष साधारण 93 मैलांच्या आसपास. साठी ओलांडलेल्यांचा वेग 75–80 वर येणे अगदी स्वाभाविक आहे. मोजायचे यंत्र हाताशी नसेल तर एक ढोबळ हिशोब कामी येतो: ड्रायव्हरचा चेंडू हवेतून 200 यार्ड जाऊन टेकत असेल, तर वेग 90 च्या अलीकडे-पलीकडे धरावा.

या आकड्यावरून पुढचा सल्ला ठरलेला असतो. वेग कमी, तर चेंडू मऊ घ्या. मऊपणाचे माप म्हणजे कॉम्प्रेशन, ठरावीक भाराखाली चेंडू किती दबतो त्याचा आकडा. सर्वांत मऊ चेंडू चाळिशीच्या आत-बाहेर असतात, व्यावसायिकांचे नव्वद ते शंभर. गंमत म्हणजे हा आकडा काढण्याची सर्व कंपन्यांना बांधणारी एकच पद्धत नाही, त्यामुळे एका खोक्यावरचे 70 आणि दुसऱ्यावरचे 70 सारखे असतीलच असे नाही.

“तुमच्या हाताने कडक चेंडू दबणारच नाही,” हे वाक्य लेखकाने इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा राग येऊ लागला आहे. क्लब आणि चेंडू यांची भेट जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची असते, आणि तेवढ्यात ड्रायव्हरखाली प्रत्येक चेंडू दबतो, आजोबांच्या हातूनही. फरक पडतो तो किती दबतो एवढाच. यंत्रमानवाकडून मारून घेतलेल्या चाचण्यांत दिसते ते असे: वेगवान स्विंगला फार मऊ चेंडू तोट्याचा ठरतो, त्याचा सुटतानाचा वेग घटतो. मंद स्विंगला मात्र मऊ आणि कडक यांतला फरक थोडक्या यार्डांचा उरतो. म्हणजे ज्यांना मऊ चेंडू औषधासारखा लिहून दिला जातो, त्यांनाच त्याने फारसे काही मिळत नाही. हाताला तो गोड लागतो हे खरे, आणि तेवढ्यासाठी कुणी तो घेतला तर त्यात वावगे काही नाही.

मोठ्या कंपन्यांचेही यावर एकमत नाही. ब्रिजस्टोनने आपल्या टूर बी मालिकेची वाटणी वेगावरच केली: ताशी 105 मैलांच्या वर एक्स आणि एक्सएस, त्याखाली आरएक्स आणि आरएक्सएस. टायटलिस्टचे म्हणणे उलटे. एकाच फेरीत प्रत्येक खेळाडू चेंडू अनेक वेगांनी मारतो, म्हणून निवड ग्रीनपासून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतापासून, सुरू करावी आणि मागे मागे टीकडे, पहिल्या फटक्याच्या जागेकडे, यावे. लेखक दुसऱ्या पक्षाचा आहे, आणि त्याचे कारण साधी बेरीज आहे. अठरा होलांच्या नेहमीच्या मैदानात पार-तीनचे चार होल वगळले, तर ड्रायव्हर फार तर चौदा वेळा पिशवीबाहेर येतो. नव्वद फटक्यांत फेरी संपवणारा खेळाडू ग्रीनवर पटच छत्तीसच्या आसपास मारतो. उरलेले चाळीस फटके लोखंडी क्लबांचे, चिपचे, वेजचे. चौदांसाठी चाळीसांवर अन्याय कशाला?

याचा सर्वांत सुंदर पुरावा टोकियोत दिसला. 2021 मध्ये झालेल्या त्या ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली. टीवरून लांब मारण्यात ती स्पर्धेत जवळजवळ तळाला होती. तिच्याबरोबर खेळणाऱ्यांचे चेंडू कितीतरी पुढे पडलेले असत आणि ती मागून लांबचे क्लब काढून ग्रीन गाठायची, मग पटरने हिशोब चुकता करायची. पदक एका फटक्याने हुकले. शेवटच्या फेरीच्या त्या शनिवारी पहाटे उठून टीव्ही लावलेल्या घरांत ज्यांना बर्डी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते, ते श्वास रोखून बसले होते.

म्हणून आधी पाहावे ते कवच. स्वस्त चेंडूंचे कवच बहुधा सर्लिन जातीच्या आयोनोमरचे असते: चिवट, पटकन न ओरखडणारे, पण वेजच्या खाचांत रुतायला जरा घट्ट. महाग चेंडूंचे कवच युरेथेनचे. ते खाचांना धरते, चेंडूला उलटी फिरकी देते आणि ग्रीनवर टेकला की थांबवते. टूरवर ड्रायव्हरने चेंडू मिनिटाला सुमारे 2,700 फेरे घेतो, पिचिंग वेजने नऊ हजारांच्या वर. हीच फिरकी चेंडूला हवेत तोलूनही धरते. त्यामुळे मंद स्विंगवाल्याने फिरकी अगदी कमी असलेला चेंडू घेतला, तर तो सरळ जातो खरा, पण लवकर खाली येतो.

कवच आणि फिरकी म्हटले की लेखकाचा सर्वांत लाडका विषय येतो, जो खोक्यात नाहीच: गट्टा-पर्चाचा चेंडू.

मुंबईत गोल्फची मंडळी 1842 मध्ये जमली. तेव्हाचा चेंडू म्हणजे कातड्याच्या पिशवीत ठासून भरलेली उकडलेली पिसे. कारागीर दिवसभरात मोजकेच चेंडू करू शके, आणि भिजला की तो आकार सोडी. मुंबईच्या पावसात त्याचे काय होत असेल, याची कल्पना कल्याणकरांना तरी सांगायला नको. त्याच दशकात मलायातल्या झाडांचा चीक युरोपात पोचला. गरम पाण्यात मऊ होणारा, गार झाला की घट्ट. सिंगापुरात कंपनी सरकारच्या सेवेत असलेले डॉक्टर विल्यम माँटगोमरी यांनी त्याचे नमुने पाठवले होते. आणि आख्यायिका अशी की, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावी पॅटरसन नावाच्या कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली. वाटेत तिला धक्का लागू नये म्हणून भोवती गट्टा-पर्चाचे तुकडे भरले होते. घरातल्या रॉबर्ट या तरुणाने ते गरम करून वळले, गोळा केला आणि मैदानावर नेला.

विठ्ठलाच्या नावाच्या गावात राहून विष्णूच्या मूर्तीची ही गोष्ट आवडू नये तर काय! आख्यायिका म्हणूनच ती सांगायला हवी, पण चीक खरा, चेंडू खरे. 1848 च्या सुमारास ते बाजारात आले आणि पिसांचा चेंडू काही वर्षांत मागे पडला. हाच चीक समुद्रतळाच्या तारांवरचे आवरणही झाला. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली, तीही गट्टा-पर्चात गुंडाळलेली. गट्टा-पर्चाच्या गुळगुळीत चेंडूंबाबत खेळाडूंच्या एक गोष्ट ध्यानात आली: नवा चेंडू डुगडुगत पडतो, चार फटक्यांनी ओरखडलेला लांब जातो. मग लोक हातोडीने मुद्दाम खुणा पाडू लागले. एडिंबराचे भौतिकशास्त्रज्ञ पी. जी. टेट यांनी 1890 च्या दशकात उलट्या फिरकीचे गणित मांडले, आणि त्यांचाच मुलगा फ्रेडी 1896 व 1898 मध्ये ब्रिटनचा हौशी विजेता झाला. बाप कागदावर, मुलगा गवतावर.

पुढचे थोडक्यात. 1898 मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केल यांनी रबरी धागा गुंडाळलेला चेंडू काढला, 1902 ची ओपन सँडी हर्ड यांनी त्याच चेंडूने जिंकली. 1905 मध्ये विल्यम टेलर यांनी खळग्यांचे पेटंट घेतले. टायगर वुड्सने 2000 च्या मे महिन्यात गुंडाळलेला चेंडू सोडून भरीव गाभ्याचा घेतला आणि जूनमध्ये यूएस ओपन 15 फटक्यांनी जिंकली. त्याच ऑक्टोबरात टायटलिस्टचा प्रो व्ही-वन टूरवर आला. आज चेंडूचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम असावे लागते. 2023 च्या डिसेंबरात नियामक संस्थांनी लांबीची चाचणी ताशी 120 ऐवजी 125 मैलांवर घेण्याचे जाहीर केले, म्हणजे पुढचे चेंडू थोडे कमी लांब जाणार.

आता परत निवडीकडे. चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्तीत कॅडींची, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्यांची, मुले गल्लीत गोल्फ खेळतात. क्लब म्हणजे वाकवलेली लोखंडी सळी, चेंडू हलका प्लॅस्टिकचा, होल कुठल्या तरी पायरीजवळ. घराची काच फुटू नये, वळणावर चेंडू फार पळू नये, एवढ्या जागेत हात चालावा, हे सगळे बघून त्यांनी तो निवडलेला आहे. यातले अनेक जण पुढे कॅडी झाले, काही व्यावसायिक. चेंडूची पारख त्यांना विचारावी. तळ्यातून काढलेला चेंडू फार दिवस पाण्यात राहिला असेल तर अंतर गमावतो, हेही ते हातात घेऊन सांगतात.

काटेमानिवलीतले एक काका, वय अडुसष्ट, गेल्या दिवाळीत लेखकाबरोबर सरावाला आले. यंत्राने वेग दाखवला 78. पिशवीत होते ते सर्वांत मऊ, सर्लिनचे चेंडू. कुणीतरी वयाकडे बघून दिलेले. लेखकाने तीन प्रकार मांडले: त्यांचा मऊ, एक मधल्या कॉम्प्रेशनचा युरेथेनचा, एक टूरचा कडक. वीस यार्डांवरून प्रत्येकी दहा चिप, मग सहा फुटांवरून पट, मग सात नंबरचे लोखंड, आणि ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी. चिपमध्ये मऊ चेंडू होलच्या पुढे घरंगळत राहिला. मधला दहांपैकी सहा वेळा झेंड्याच्या काठीच्या लांबीत थांबला. पटला कडक चेंडूचा टक्क आवाज काकांना आवडेना. ड्रायव्हरला तिन्ही चेंडू इतके जवळ पडले की कुठला कोणता हे खुणा बघून ओळखावे लागले.

काकांनी मधला घेतला. परतीच्या लोकलमध्ये कल्याण सुटल्यावर त्यांनी जुन्यांतला एक खिशातून काढून लेखकाच्या हातात ठेवला. रात्री तो करवतीखाली गेला. खोक्यातला त्रेचाळिसावा, आणि गाभा निघाला फिकट निळा.