गुडघ्याखाली दोन इंच

मुंबईतल्या माहुलच्या तेल कंपन्यांच्या गेटांवर पाळी सुटायच्या वेळेला उभं राहिलं की एक विसंगती डोळ्यांत भरते. आत असेपर्यंत प्रत्येक माणूस नखशिखान्त झाकलेला असतो. जाड सुती डांगरी, सेफ्टी शूज, डोक्याला हेल्मेट. यातलं काही कमी असेल तर वॉचमन आत सोडत नाही. बाहेर पडल्यावर त्यांतलेच काही जण पार्किंगमध्ये डांगरी उतरवतात, तिची गुंडाळी करून डिकीत कोंबतात आणि अर्ध्या चड्डीवर, पायांत चपला सरकवून गाडीला बटण मारतात. पुढचा सगळा रस्ता टँकरच्या चाकांना खेटून. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मे महिना आहे साहेब. उकडतं."

उकडतं हे खरंच. उन्हाळ्यात दुचाकीवर बसणाऱ्याने कमरेखाली काय घालावं याची उत्तरं काचेच्या शोरूममध्ये भरपूर मिळतात. माहुलमध्ये ती कोण देतं, हे मला बघायचं होतं. चहाच्या टपरीवर एकाने पत्ता दिला: "मास्तरांकडे जा. बाइकवाल्यांच्या पँट्स तेच शिवतात."

मास्तरांचा गाळा जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढा. पायमशीनला मागाहून बसवलेली मोटर, एक वजनदार इस्त्री, भिंतीवरच्या खिळ्यांना लटकलेल्या डांगऱ्या, शाळेचे युनिफॉर्म, आणि त्यांच्याच रांगेत दोन-तीन रायडिंग पँट्स. माहुलच्या हवेला स्वतःचा एक वास आहेच, गॅसचा आणि रसायनांचा. इथे राहणाऱ्यांना तो येईनासा होतो. गाळ्यातला वास वेगळा. घामाने कडक झालेल्या नायलॉनवर मास्तर सुती फडकं टाकून इस्त्री टेकवतात, तेव्हा वाफेबरोबर एक आंबूस, खारट भपकारा उठतो. महिनोन् महिने बाइकवर बसलेल्या माणसाचा वास. घरी आल्यावरही तो माझ्या शर्टाला होता आणि पुन्हा तिकडे ओढत होता.

विशीतला एक पोरगा आला, पाठीला डिलिव्हरीची चौकोनी बॅग. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याने गुडघ्याच्या पॅडची जोडी आणली होती आणि जीन्सला आतून खिसे शिवून हवे होते. सरळ उभं राहून त्याने पॅड गुडघ्याच्या वाटीवर नेमकं धरलं. "इथे."

मास्तरांनी तिथे टाचण्या लावल्या आणि म्हणाले, "आता बस."

"कुठे?"

"गाडीवर. अजून कुठे?"

गाडी दारातच होती. पोरगा बसला, पाय फूटरेस्टवर ठेवले. गुडघा वाकला तशी जीन्स मांडीकडे ओढली गेली आणि तिच्याबरोबर पॅडही. वाटी उघडी पडली; पॅड मांडीच्या टोकाला जाऊन बसलं. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून लावली. "दोन इंच. पडशील तेव्हा उभा असशील की बसलेला?"

पोरगा हसला. खडूची रेघ दोन इंच खाली आली.

तो नुसता उभा राहिला तर पॅड आता वाटीच्या खाली, नडगीवर येत होतं. त्याची तक्रार लगेच सुरू झाली: "चालताना लागतंय." मास्तरांनी मशीनकडे वळता वळता उत्तर दिलं, "चालताना लागू दे." मला ते थोडं कठोर वाटलं, कारण या पोराचं निम्मं काम चालण्याचं, जिने चढण्याचं. पण गुडघा फुटतो तो गाडीवरून पडताना, जिन्यात नाही. शोरूममध्ये माणूस आरशासमोर उभा राहून पँट घेतो. तिथे सगळंच जागच्या जागी असतं. हे दोन इंच तिथे दिसतच नाहीत.

माहुलला इतक्या बाइक का, हेही इथलंच एक प्रकरण आहे. १९५४-५५ साली इथे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले तेव्हा माहुल म्हणजे खाडीकाठचं गाव होतं. पुढे कारखान्यांना लागून सात-सात मजली इमारतींची वसाहत उभी राहिली. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या तेव्हा, २०१७च्या सुमारास, हजारो कुटुंबं या इमारतींत आली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं होतं. २०१९ साली उच्च न्यायालयाने कुणालाही सक्तीने माहुलला पाठवू नका असं बजावलं. तोवर अनेकांचा संसार इथे लागून गेला होता. घर माहुलला आलं, कामं मात्र घाटकोपर, विद्याविहार, पवईलाच राहिली. रेल्वे स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर नाही. मग हप्त्यावर बाइक आली आणि पुढे बाइकच काम झाली.

या पोरांना पायांबद्दल कुणी काही सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम डोक्याबद्दल बोलतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. हेल्मेटला भारतीय मानक आहे, त्याची खूण असल्याशिवाय विकायचं नाही असा नियम २०२१ पासून लागू आहे. कमरेखालच्या अंगाबद्दल कायदा काही विचारत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. हेल्मेटचा आग्रह त्यासाठीच, आणि तो रास्त आहे. पण रोजावर जगणाऱ्याच्या घरी दुसरा हिशेबही असतो. गुडघ्याची वाटी फुटली तर जीव जात नाही, कमाई जाते.

आता उकाड्याकडे. मुंबईत मे महिन्यातलं सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. नागपूर-चंद्रपूरकर याला उन्हाळा म्हणणारच नाहीत. छळतो तो दमटपणा. घाम येतो आणि सुकत नाही. वारा लागला तरच सुकतो. म्हणून इथे जाळीची पँट उपयोगी. गाडी चालती असेपर्यंत वारा मांडीवरून आरपार जातो. वाशी नाक्याच्या सिग्नलला मात्र जाळी आणि जीन्स सारख्याच. विदर्भात ४५ अंशांत गणित उलटं होतं. हवा अंगापेक्षा गरम असते, जाळीतून तीच आत येते आणि अंगातलं पाणी भराभर शोषून घेते. तिथे घट्ट विणीचं कापड आणि आतून ओलसर सुती थर बरा. 'उन्हाळी पँट' असं लेबल लावून एकच माल चंद्रपूरला आणि चेंबूरला विकणाऱ्यावर फार भरवसा ठेवू नये.

पण जाळीला आपली खोट आहे, आणि ती मास्तरांनी दाखवली. खिळ्यावरची एक पँट काढून त्यांनी उलटी केली. मालक फ्रीवेखालच्या वळणावर घसरला होता. गुडघ्याचं कापड जवळपास शाबूत; तिथे जाड नायलॉनचा तुकडा होता. उजव्या कमरेपासून बसायच्या जागेपर्यंत मात्र हातभर भोक, आणि त्याच्या कडा मेणबत्तीच्या ओघळासारख्या घट्ट, चकचकीत. "हे फाटलेलं नाही," मास्तर म्हणाले, "वितळलंय." नायलॉन आणि पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या आसपास वितळतात, आणि डांबरावर घासताना तेवढी उष्णता क्षणात तयार होते. मी त्या कडेवरून बोट फिरवलं. एक कोपरा टोचला. हे कातडीला चिकटलं असतं तर, हा विचार टाळता आला नाही. मास्तरांनी एका वाक्यात सगळं सांगितलं: "गुडघा आपटतो, कुल्ला घासतो. लोक पॅड बघतात, कुल्ला बघत नाहीत."

युरोपात २०२० पासून लागू झालेलं ईएन १७०९२ हे मानक दुसऱ्या शब्दांत हेच सांगतं. त्यात कपड्याचे भाग धोक्याप्रमाणे वेगवेगळ्या पट्ट्यांत वाटलेत आणि पट्ट्यागणिक घासण्याची कसोटी कमी-जास्त आहे. एएए म्हणजे सर्वांत कडक, मग एए, मग ए. बी म्हणजे घासण्यापासून संरक्षण आहे पण पॅड नाहीत. सी म्हणजे नुसते पॅड धरून ठेवणारा कपडा, बहुधा नेहमीच्या पँटच्या आत घालायचं जाळीदार अंतर्वस्त्र. हलक्या जाळीच्या पँट्स बहुधा ए वर्गात बसतात. शहरातल्या वेगाला ते चालून जावं, पण बसायच्या जागी आणि कमरेच्या बाजूला जाळी नको, सलग जाड कापड हवं. जाळी मांडीच्या पुढच्या बाजूला आणि पोटरीला असू दे. वारा तिथूनच येतो.

दुसरा पर्याय आतून केव्हलार लावलेली जीन्स. स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली ड्यूपाँ कंपनीत या धाग्याचा शोध लावला. पेट्रोलची टंचाई येईल या भीतीने टायर हलके करायला धागा शोधत होते, त्यातून तो निघाला. पेट्रोलच्या कारखान्यांच्या सावलीत तो आज गुडघ्यांना लागतोय. केव्हलार वितळत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण दोन थरांची जीन्स मुंबईच्या दमटपणात जड जाते, आणि धुण्याचंही पथ्य आहे: ब्लीच घालायचं नाही, उलटी करून कडक उन्हात वाळत घालायची नाही, कारण उन्हाने हा धागा कमजोर होतो. आपल्याकडे तर गच्चीवर ऊन खाल्ल्याशिवाय कपडा धुतला असं कुणी मानत नाही. साधी जीन्स मात्र संरक्षण समजू नये, त्यातही ताणली जाणारी तर नाहीच. मास्तर नुसती दोन बोटांनी ओढून सांगतात, "ही पोरींसमोर मिरवायची. रस्त्यावर पडायची नाही."

पॅडवर काय लिहिलंय तेही वाचावं. ईएन १६२१-१ या मानकात पॅडवर ५० ज्यूल ऊर्जेचा आघात करतात आणि पलीकडे किती जोर पोहोचला ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर लेव्हल १, २० पर्यंत असेल तर लेव्हल २. के हे अक्षर गुडघ्याचं, एच कमरेच्या बाजूचं. आणि आपल्यासाठी महत्त्वाची खूण टी+. मऊ पॅड गरमीत आणखी मऊ पडू शकतं; टी+ म्हणजे ते ४० अंशांवरही तपासलंय. उन्हात दोन तास उभ्या केलेल्या बाइकच्या देशात ही खूण ऐच्छिक का, हा प्रश्न तपासणाऱ्यांना विचारायला हवा. त्या पोराच्या पॅडवर लेव्हल १ होतं, टी+ नव्हतं. दुकानदाराने सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही.

बाकीच्या गोष्टी एका दमात सांगण्यासारख्या आहेत. आतली पावसाळी आणि थंडीची अस्तरं मे महिन्यात काढून कपाटात ठेवावीत. थंडीचं अस्तर मुंबईत बाहेर निघण्याची शक्यता कमीच, पण पैसे त्याचेही मोजलेले असतात. सायलेन्सरच्या बाजूला पोटरीवर उष्णता सोसणारा तुकडा हवा. वरून पट्ट्यांनी बांधायचे कडक गार्ड स्वस्त, पण घामाने घसरतात, आणि घसरलेला गार्ड असून नसल्यासारखा.

जाळीची बरी पँट काही हजार रुपयांना मिळते. डिलिव्हरीच्या पोराला ती परवडत नाही, म्हणून तो पॅड आणून मास्तरांकडे येतो. त्याच्या अंगावरचा टी-शर्ट कंपनीच्या रंगाचा, पाठीवरची बॅग कंपनीच्या नावाची. पँट त्याची त्याची. गेटच्या आतल्या माणसाला डांगरी मिळते, कारण तो पडला तर कंपनीला जाब द्यावा लागतो. गेटबाहेरच्या पोराचा जाब कुणी विचारत नाही.

स्वतःसाठी घेणार असाल तर लेबलाआधी दोन गोष्टी बघा. दुकानात स्टूल मागा, आणि स्टूल नसेल तर दारातल्या गाडीवर बसा. गुडघा वाकवल्यावर पॅड वाटीवर आलं पाहिजे, म्हणजे उभं असताना ते दोन इंच खाली असलं पाहिजे. मग स्वतःला विचारा, ही पँट मे महिन्यात दुपारी दोन वाजता घालीन का? उत्तर 'नाही' असेल तर एएएवाली ठेवून द्या आणि ए वर्गातली, रोज अंगावर चढेल अशी घ्या. खिळ्याला लटकलेली पँट कुणाचाच गुडघा वाचवत नाही. आणि ज्यांच्या नावाच्या बॅगा या पोरांच्या पाठीवर आहेत, त्यांनी टी-शर्टबरोबर टी+ खूण असलेली पॅडची एक जोडीही द्यावी. खिसे शिवायला माहुलमध्ये मास्तर आहेत.